बारवेतल्या सदतीस खुणा

अहमदनगर
रविवार, दि. १२ नोव्हेंबर १९७२
सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे

प्रिय मित्र दाऊद यास,
सप्रेम नमस्कार.

आज प्रेसला सुट्टी. तरी येऊन छापून झालेल्या लग्नपत्रिकेच्या शिशाच्या अक्षरांचे खिळे सोडवून मी पेटीतल्या आपापल्या घरात टाकत होतो, ते अर्धवट ठेवून हे पत्र लिहायला घेतले आहे. भाऊबीजेला गावी आलो तेव्हा तुझ्या दुकानात नीट बोलता आले नाही. छगन दाजी बरोबर होते, आणि असले बोलणे निघाले की ते हसतात.

यंदा पावसाने पाठ फिरवली म्हणून आपली बारव तळाला गेली. आपण लहानपणी पोहायचो तेव्हा पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. अक्काची घागर घेऊन मी उतरलो, तर भिंतीच्या दगडांवर खुणा दिसल्या. वीतभर लांब, छिन्नीने कोरलेल्या. त्रिशूळासारखी एक, दोन आडव्या रेघांची एक, अर्धा चंद्र आणि खाली टिंब अशी एक. अशा सव्वीस खुणा मी वहीत उतरवून घेतल्या. तेवढा वेळ अक्का वर घागरीची वाट पाहत उभी होती.

यात विशेष काय, असे तू विचारशील. आमच्या प्रेसमध्ये बेलापूरचे आसाराम मास्तर एक पुस्तिका छापून घेत आहेत. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की फार पूर्वी पुढे येणारे संकट ओळखून काही सिद्ध पुरुषांनी आपले ज्ञान चौऱ्याऐंशी भागांत वाटले आणि एका गुप्त मंडळाच्या हवाली केले. त्या मंडळातली माणसे राजवाड्यात राहत नसत. पाथरवट, कुंभार, कोष्टी अशा वेषात ती गोदावरी आणि प्रवरेच्या काठाने फिरली, आणि ते ज्ञान त्यांनी दगडांत ठेवले. पुस्तिकेत एक वाक्य आहे, ते मी माझ्या हाताने जुळवले : "ज्याची शाळा अर्धी राहिली, त्यालाच ही पाटी वाचता येईल."

माझी शाळा सातवीत सुटली हे मास्तरांना ठाऊक नव्हते. दाऊद, छपाईच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. सहा वर्षे मी रोज उलटी अक्षरे वाचतो. त्या खुणा उलट बाजूने पाहिल्या, तर तीन ठिकाणी मला अक्षरे दिसली. मास्तरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला खुर्ची दिली. आजवर प्रेसमध्ये मला कोणी खुर्ची दिलेली नाही.

पूर्वेच्या भिंतीकडे मला जाता आले नाही. तिकडच्या खुणा तेवढ्या उतरवून पाठव. कोणाला सांगू नको. अक्काला वाचून दाखवायचा मजकूर खाली वेगळा लिहिला आहे. वरचा भाग तुझ्यापुरता.

तुझा,
कानिफनाथ

*

निंबटेक, ता. नेवासा
२१-११-७२

कानिफ यास दाऊदचा सलाम.

तुझ्या पत्रावर मिनिटसुद्धा लिहिलेले असते आणि पोस्टमन ते पाचव्या दिवशी आणतो. असो. तुझ्यासाठी दुपारभर शिलाई मशीन बंद ठेवून पूर्वेच्या भिंतीला लटकलो. अकरा खुणा मिळाल्या, सोबत पाठवतो. एक मला कुदळीसारखी दिसली, एक बोकडाच्या शिंगासारखी. तुला त्यात काय दिसेल ते अल्ला जाणे. मजा वाटली एवढे खरे. चौथीत नकाशे काढायचो त्याची आठवण झाली.

आता गावची बातमी. बारवेचा गाळ काढायचे दुष्काळी काम मंजूर झाले. अठ्ठावन्न माणसांची यादी लागली, तीत दाजी आणि अक्का दोघांची नावे आहेत. आठ हात गाळ आहे, त्याच्याखाली जिवंत झरा आहे असे म्हातारी माणसे सांगतात. पूर्वेची भिंत तशीही ढासळली आहे, ती काढून तिथून गाडी उतरेल असा उतार करणार. एक तारखेला सुरुवात. दाजी म्हणाले, "घरापुढं काम आन सांजच्याला घरची भाकर. दुष्काळात आजून काय पायजे?"

अक्का समोर बसली आहे. ती सांगते तसे लिहितो : "लिव त्याला, नवा सदरा घे. भाऊबीजंला आला तवा कॉलर फाटल्याली हुती. पोट मारून पुस्तकं घिऊ नको. आन म्हनावं, दगुड बघत बसन्यापरीस एखादी पोरगी बघ. मी किती दिस तुझी कॉलर बघू?"

तुझा,
दाऊद

*

अहमदनगर
मंगळवार, दि. २८ नोव्हेंबर १९७२
रात्रीचे नऊ

प्रिय दाऊद,

तुझे पत्र वाचून माझी जेवणावरची वासना गेली. पूर्वेची भिंत काढणार म्हणजे काय? अकरा खुणा त्याच भिंतीवर आहेत. दगड एकदा हलला की क्रम गेला, आणि क्रम गेला की वाचणे संपले. एक खिळा पडला तरी ओळीचा अर्थ जातो हे मला रोज दिसते.

मी आजच आसाराम मास्तरांना गाठले. ते म्हणाले, एकट्यादुकट्याचे सरकार ऐकत नाही, संस्था पाहिजे. म्हणून आम्ही संस्था केली. नाव 'ज्ञानरक्षक मंडळ, अहमदनगर'. अध्यक्ष मास्तर, चिटणीस मी. सभासद तूर्त एवढेच. मालकांची परवानगी घेऊन मी संस्थेच्या नावाचे शंभर कागद छापले. ठळक टाइपात नाव, त्याखाली बारीक वेलबुट्टी, डाव्या कोपऱ्यात 'जावक क्रमांक'. त्या कागदावर अर्ज लिहिला : बारव प्राचीन व महत्त्वाची असून तज्ज्ञांची पाहणी होईपर्यंत काम थांबवावे. चार वेळा लिहून काढला. एक वेलांटी चुकलेली सापडणार नाही. उद्या रजिस्टर टपालाने जाईल. जावक क्रमांक मी ४७ घातला. १ घातला तर बरे दिसत नाही.

मी काम कायमचे बंद करा म्हटलेले नाही. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पाहणी होईल, खुणांचे फोटो निघतील, मग गाळ काढा. उलट निंबटेकचे नाव होईल.

हे पत्र वाचून फाडून टाक. दाजींना कळता कामा नये.

तुझा,
कानिफनाथ

*

निंबटेक
२७-१२-७२

कानिफ,

काम सोळा तारखेला थांबले. शनिवार होता. दोन हात गाळ निघाला होता, तळाला ओल लागली होती. एक साहेब जीपमधून आले. बारवेच्या काठावर उभे राहून त्यांनी कागद वाचला. नगरच्या एका मोठ्या संस्थेचा अर्ज आहे, पाहणी होईपर्यंत कोणी दगडाला हात लावायचा नाही. माणसे टोपल्या घेऊन उभी होती तशीच राहिली. दाजींनी विचारले, "साहेब, ही संस्था पानी कुठलं पिती?" साहेब म्हणाले, मला वरून हुकूम आहे.

साहेब वाईट नव्हते. जाताना त्यांच्या हातात तुझा कागद होता तो मी पाहिला. वेलबुट्टी छान आली आहे.

कानिफ, अर्ज मागे घे. पंधरा दिवस म्हणालास, पण इथे सांगतात की मंजुरी दुसऱ्या गावाला वळवली तर आपल्याकडे यंदा पुन्हा काम यायचे नाही. बारवेत आता रोज सकाळी घागर घागर पाणी साचते. त्यासाठी बाया पहाटेपासून रांग लावतात.

अक्काचा निरोप : "मी बरी हाय. तब्येतीला जप. संक्रांतीला तिळगूळ पाठवते."

दाऊद

*

अहमदनगर
सोमवार, दि. ८ जानेवारी १९७३
सकाळचे साडेसहा

प्रिय दाऊद,

तुझे पत्र आल्यापासून आठवडाभर मी रोज उत्तर लिहितो आणि फाडतो.

अर्ज मागे घ्यावा असे मलाही दोनदा वाटले. मास्तरांना विचारले. ते म्हणाले, ज्ञान मिळण्याच्या आधी परीक्षा होते आणि ती नेहमी आपल्याच माणसांच्या तोंडून होते. हे त्यांच्या पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात आहे. ती पाने मी मागच्याच आठवड्यात जुळवली. शिवाय कचेरीचे पत्र आले आहे. त्यावर 'मा. चिटणीस' असे लिहिले आहे, आणि तज्ज्ञ महिन्याभरात येतील असे कळवले आहे. एक महिना. जिथे एवढी वर्षे गेली तिथे एक महिना.

तुला मी खरे सांगतो. मला माझ्या नावामागे 'मा.' लावलेले पत्र कधी आले नव्हते. ते मी उशीखाली ठेवले आहे.

अक्काने कामाबद्दल एक शब्दही कळवला नाही, यावरून तिला फार त्रास नसावा. ती मनातले ठेवणारी नाही. त्रास असता तर तिने मला फाडून खाल्ले असते.

तीन खुणा ओळीने उलट वाचल्या की 'जपा' असा शब्द निघतो. मास्तरांना अजून सांगितलेले नाही. खात्री झाल्यावर सांगेन.

तुझा,
कानिफनाथ

*

निंबटेक
१९-३-७३

कानिफ यास सलाम.

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही. तज्ज्ञ आले नाहीत. मंजुरी वळली. पाच फेब्रुवारीपासून आपल्या गावच्या माणसांना नऊ मैलांवर रस्त्याच्या कामावर घेतले आहे, खडी फोडायला. माणसे तिथेच पालं टाकून राहतात. दाजी आणि अक्काही गेले. गावात म्हातारी माणसे, ढोरे आणि मी. बारव पूर्ण आटली. पाण्यासाठी घरटी वर्गणी काढून बैलगाडी लावली आहे. शेजारची रंगुबाई म्हणते, गाडीच्या पिंपातल्या पाण्याला वंगणाचा वास येतो. ती खोटे बोलत नाही.

अक्का चार दिवस झाले परत आली आहे. डोळे आले आहेत म्हणून कामावर जात नाही. तिने लिहायला सांगितले : "काळजी करू नको. डोळं आल्यात, उनामुळं. हितं घाईनं येऊ नको, पान्याचे हाल हाईत. सदरा घेतला का?"

दाऊद

*

अहमदनगर
सोमवार, दि. २६ मार्च १९७३
दुपारची जेवणाची सुट्टी

प्रिय दाऊद,

सोबतच्या पार्सलात गुलाबपाण्याची एक बाटली आणि बोरिक पावडरची पुडी आहे. अक्काला सांग, पावडर कोमट पाण्यात विरघळवून स्वच्छ कापसाने दिवसातून तीन वेळा डोळे पुसावेत. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावू नये. पदराने पुसू नये. घरात सर्वांनी वेगळे फडके वापरावे. ही माहिती मी पूर्वी एका आरोग्यपत्रकात जुळवली होती, म्हणून खात्रीची आहे.

आसाराम मास्तर महिनाभर प्रेसवर फिरकलेले नाहीत. तिसऱ्या भागाचे हस्तलिखित आले नाही. तज्ज्ञांच्या बाबतीत मी कचेरीत दोन खेटे घातले. तिथला कारकून मला आता ओळखतो आणि मी दिसलो की टेबलावरून उठून जातो.

नऊ मैल रोज चालायचे नसले तरी पालात राहणे सोपे नाही, हे मला समजते. मला अलीकडे नीट झोप लागत नाही. सदरा घेतला आहे असे अक्काला सांग.

तुझा,
कानिफनाथ

(सदरा घेतलेला नाही. हे वाचून दाखवू नको.)

*

निंबटेक
१२-४-७३

कानिफ,

तुझे गुलाबपाणी आले. अक्काने बाटली हातात धरली, तुझे पत्र ऐकले आणि मला म्हणाली, "सांग त्याला, गुन आला." मी आजवर तिचे सगळे ऐकले. आता नाही ऐकत.

तिचे डोळे आलेले नाहीत. चोवीस फेब्रुवारीला खडी फोडताना कपची उडाली आणि उजव्या डोळ्यात घुसली. तो डोळा गेला. एकोणीस दिवस ती नगरला दवाखान्यात होती. तुझ्या नगरला. तुझ्या प्रेसपासून चालत पाव तास. दाजी तुला बोलावणार होते, तिने त्यांना सांगितले की तू प्रेसच्या कामासाठी पुण्याला गेलास.

का ते ऐक. तिला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत आहे. मी तुझी पत्रे वाचायचो तेव्हा ती मशीनसमोर बसून कागदाकडे बघायची. मी तिच्यापुरता मजकूर वाचून थांबलो की म्हणायची, "एवढंच? कागद तर लांब हाय." तिला वाचता येत नाही, पण कागद कुठवर भरला आहे ते दिसते. अर्जाचे पत्रसुद्धा तिने मला पूर्ण वाचायला लावले. ऐकून तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "दाऊदा, ह्ये कुनाला बोलू नको. ह्यांना कळलं तर त्याला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाईत. आई-बाप तर कवाच गेले. त्यो तेवढा माझं म्हायार हाय." दवाखान्यातही तेच. म्हणाली, कानिफा आला की माझ्याकडे बघून रडत सगळे बोलून टाकील.

आता तुझ्या खुणा. रस्त्याच्या कामावर भीमा नावाचा म्हातारा पाथरवट आहे, श्रीगोंद्याकडचा. अक्काला भेटायला मी गेलो तेव्हा अकरा खुणांची माझ्याकडे ठेवलेली नक्कल त्याला दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "ह्या कामगारांच्या खुना हाईत. ज्याचा दगुड त्याची खून. आमच्या घरचीबी हाय, कोंबड्याच्या पायासारखी. सांजच्याला मुकादम खुना मोजायचा आन तेवढ्या दगडांचं पैसं द्यायचा. खून न्हाई तर मजुरी न्हाई." मी विचारले, यात काही गुपित असते का? तो म्हणाला, "काय गुपित? पोटाचं हाय."

अजून एक गोष्ट, ती लिहावी की नाही ठरत नव्हते. मला भिंतीला लटकून खुणा उतरवताना गावातल्या दोघांनी पाहिले होते. तेव्हा अर्ज मीच केला असे गाव धरून चालले आहे. लग्नसराई सुरू आहे आणि माझ्याकडे एक कपडा शिवायला आलेला नाही. बारवेवरून जाताना पाठीमागून बोलतात ते मी लिहीत नाही. अक्का रस्त्यावर आणि दवाखान्यात होती, आता घराबाहेर पडत नाही, तिला हे ठाऊक नाही. तिला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. तुला सांगणे हा शब्द मोडणे होत असेल तर माझ्या माथी.

भिंतीला मी हौसेने लटकलो होतो. तेव्हा म्हणायला पाहिजे होते, कानिफ, पुरे. म्हटले नाही.

दाऊद

*

अहमदनगर
रविवार, दि. २९ एप्रिल १९७३
सकाळचे सात

तीर्थस्वरूप छगन दाजी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दाऊद आपल्याला वाचून दाखवील. मध्ये त्याला थांबवू नये ही विनंती.

बारवेचे काम थांबवा असा अर्ज मी केला. दाऊदने केलेला नाही. त्याने मला अर्ज मागे घे म्हणून लिहिले होते, ते पत्र माझ्यापाशी आहे. 'मोठी संस्था' म्हणतात ती मी आणि बेलापूरचे एक वृद्ध शिक्षक एवढीच होती. कागद मी छापला, क्रमांक खोटा घातला, म्हणून कचेरीला तो खरा वाटला. त्यात कचेरीचा दोष नाही.

मागल्या रविवारी मी बेलापूरला गेलो. मास्तर एका खोलीत एकटे राहतात. मला पाहून ते घाबरले. मी डोळ्याचे सांगितले तेव्हा त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मी विचारले, तुम्ही ते मंडळ, ते सिद्ध, हे कुठे वाचले? ते म्हणाले, "थोडं वाचलं, थोडं ऐकलं, बाकी सुचत गेलं. मी नुसतं लिहीत होतो रे. शाळा सुटल्यापासून माझं कोणी ऐकत नव्हतं. तू ऐकलंस." मग त्यांनी मला पोटभर जेवू घातले. मला त्यांच्यावर रागावता आले नाही, कारण मला ते का खरे वाटले हे मी जाणतो. मी अडाणी राहिलो ते कशासाठी तरी राहिलो, असे कोणीतरी पहिल्यांदा सांगितले होते.

सोमवारी कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला. साहेबांनी फाइल बांधून ठेवली. म्हणाले, आता पावसाळा तोंडावर आहे, पुढच्या वर्षी बघू.

अक्काला हे सगळे माहीत होते, हे मी आपल्यापासून लपवू शकलो असतो. तिची इच्छा तशीच आहे. पण तिच्या गप्प बसण्याची किंमत दाऊद भरतो आहे, आणि तिला ते माहीत नाही. म्हणून मी तिचे ऐकत नाही. आजपर्यंत मी तिचे एकच मोडले नव्हते, ते म्हणजे तिचा शब्द.

तिच्यावर रागावू नये. बाकी आपण जे ठरवाल ते मला मान्य आहे.

आपला,
कानिफनाथ

*

निंबटेक
१०-५-७३

कानिफ,

रविवारी माणसे रस्त्याच्या कामावरून गावी आली होती, तेव्हा तुझे पत्र दाजींना ओट्यावर बसवून वाचले. अक्का दारात उभी होती. अर्ध्या पत्रात ती आत गेली.

दाजी तंबाखू मळत ऐकत होते, ती त्यांनी तोंडात टाकलीच नाही. संपल्यावर म्हणाले, "सगळं वाचलं?" मी म्हणालो, वाचले. "शेवटी त्याचं नाव हाय?" मी म्हणालो, आहे. "मग चल." मला दंडाला धरून चावडीवर नेले आणि म्हणाले, आता मोठ्याने वाच. मागच्यांना ऐकू येईना तेव्हा त्यांनी मला दोनदा ओळ पुन्हा वाचायला लावली.

वाचून झाल्यावर मी कागद दाजींकडे दिला. खडीवर भीमाजवळ बसणाऱ्या श्रीमंतने तेवढे विचारले, "भीमा म्हातारा म्हनतो ते खरं? नुसतीच मजुरीची खून?" मग माणसे उठून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर परतण्याआधी तोच श्रीमंत दोन सदऱ्यांचे कापड घेऊन आला. माप देताना म्हणाला, खांदा सैल ठेव. मी खांदा अर्धा इंच वाढवून लिहिला.

दाजींचा निरोप शब्दाला शब्द देतो : "त्याला म्हनावं, बारवंला पानी लागंस्तवर ह्या गावात पाय ठिवू नको. आन लई सुंदर लिवतो न्हवं त्यो? मग ह्येचाबी हिशेब सुंदर लिवून पाठव. किती मानसं, किती दिस, किती मजुरी बुडाली. चावडीवर डकवतो. अर्ज समद्यांनी ऐकला, हिशेबबी समद्यांनी बघावा."

पाण्याच्या गाडीची वर्गणी एक मार्च ते आजपर्यंत तीनशे बारा रुपये झाली. पाच फेब्रुवारीच्या आधी कोणालाच काम नव्हते. रविवारी बाजार, त्या दिवशी सुट्टी. मजुरी अडीच रुपये धर.

अक्का संध्याकाळी दुकानात आली. माझ्या समोर बसली नाही, उभीच राहिली. आधी मला म्हणाली, "दाऊदा, मला का न्हाई सांगितलंस लोक तुला बोलत्यात ते?" मग म्हणाली, "लिव. माझं नाव त्या हिशेबात घालू नको म्हनावं. गावाचं देनं त्येनं द्यावं. भावानं भैनीचं देनं कागदावर मांडायचं नसतं." मी विचारले, अजून काही? ती म्हणाली, "न्हाई. आता काय लिवायचं?" जाताना पायरीवर तिचा अंदाज चुकला. मी उठलो, तोवर ती सावरून गेली होती.

दाऊद

*

अहमदनगर
रविवार, दि. २० मे १९७३
सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे

प्रिय दाऊद,

दाजींनी मागितलेला हिशेब खाली लिहिला आहे. तीन वेळा तपासला. छापलेला नाही, हाताने लिहिला आहे. अक्षर मोठे काढले आहे, म्हणजे चावडीच्या उजेडात दिसेल. तू वाचून पाहा आणि कुठे चूक असेल तर डकवण्याआधी मला कळव.

अक्काला माझा नमस्कार सांग. ती येऊन बसली आणि कागद लांब आहे म्हणाली, तर तिला सगळा वाचून दाखव. आता तुझ्यापुरता असा मजकूर राहिलेला नाही.

तुझा,
कानिफनाथ

निंबटेक गावास कळावे :

खर्च झालेला
अर्ज करण्यास
संस्थेचे शंभर कागद : रु. ६.००
अर्जाचे तिकीट : रु. १.००
रजिस्टर टपाल : रु. १.४०
एकूण : रु. ८.४०

अर्ज मागे घेण्यास
बेलापूर जाणे-येणे, एस. टी. : रु. ६.८०
अर्जाचे तिकीट : रु. १.००
एकूण : रु. ७.८०

देणे
दि. १६ डिसेंबर ते ४ फेब्रुवारी, दिवस ५१. पैकी बाजाराचे रविवार ८. कामाचे दिवस ४३.
माणसे ५७, दिवस ४३, रोज रु. २.५० प्रमाणे बुडालेली मजुरी : रु. ६,१२७.५०
पाण्याच्या गाडीची वर्गणी, १० मेपर्यंत : रु. ३१२.००
एकूण देणे : रु. ६,४३९.५०
काल मनिऑर्डरने पाठवले : रु. ४०.००
बाकी : रु. ६,३९९.५०

दर महिन्याला वीस रुपये पाठवीन. त्या हिशेबाने सव्वीस वर्षे आठ महिने लागतील. शेवटच्या महिन्यात साडेएकोणीस रुपये.

कामाच्या यादीत माणसे अठ्ठावन्न होती. वर सत्तावन्न धरली आहेत. अठ्ठावन्नावे नाव त्या व्यक्तीच्या सांगण्यावरून घातलेले नाही. म्हणून वरची बेरीज बरोबर आहे, पण पूर्ण नाही.

कानिफनाथ